राखणीच्या कुत्र्याचा निवारा : कायदा काय मागतो आणि आपण काय द्यावें

शेतकऱ्याच्या घरचीं जनावरें कोणतीं, असा प्रश्न केला असतां बैल, गाय, म्हैस, शेळी हीं नांवें ताबडतोब पुढें येतात. कुत्र्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. वास्तविक पाहतां खळ्यावरील रास, विहिरीवरील मोटार, गोठ्यांतील वासरूं व शेतांतील उभें पीक यांची रात्रभर बिनपगारी राखण करणारा नोकर तोच होय. बैलास गोठा, शेळ्यांस वाडा, कोंबड्यांस खुराडें अशी ज्याची त्याची सोय प्रत्येक वस्तीवर केलेली आढळते. राखणीच्या कुत्र्यास मात्र एक खुंटा व एक साखळी एवढीच मालमत्ता असते. ऊन, पाऊस व थंडी यांपासून त्यानें आपला बचाव कसा करावा, याचा विचार झालेला दिसत नाहीं.

महसूल खात्याच्या नोकरींत असतां गारपीट व अतिवृष्टि यांच्या पंचनाम्यांसाठीं पंचांबरोबर शिवारांत जाण्याचे प्रसंग आम्हांस पुष्कळ आले. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या निकषांत दुधाळ जनावर, ओढकाम करणारें जनावर, शेळी, मेंढी, कोंबडी यांच्यासाठीं रकाने आहेत; कुत्र्यासाठीं रकाना नाहीं. खुंट्यास बांधलेला कुत्रा गारांच्या माऱ्यानें मेलेला समोर दिसत असतांही त्याची नोंद कागदावर येत नसे. गोठ्यांतील जनावरें वांचत, कारण त्यांच्या डोक्यावर छप्पर असे. मोकळा कुत्रा ओट्याखालीं शिरून वांचे. बांधलेला तेवढा मरे. मदतीच्या यादींत ज्यास रकाना नाहीं, त्याच्याविषयीं कायदाही नसावा, अशी समजूत त्यामुळें सर्वत्र रूढ झाली आहे. ती समजूत खरी नाहीं, हें दाखविण्यासाठीं व त्यावर सोपा उपाय सुचविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आपल्या देशाचा कायदा

प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपल्या देशांतील हल्लींचा कायदा सन १९६० चा आहे. त्यापूर्वीं इंग्रजी अमदानींतील सन १८९० चा कायदा चालू होता. तो अपुरा आहे असें पाहून राज्यसभेच्या सभासद श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं खासगी विधेयक आणून हा प्रश्न संसदेपुढें मांडला, आणि पुढें सरकारनें स्वतः विधेयक आणून नवा कायदा केला.

या कायद्याच्या कलम ११ मध्यें क्रूरता कशास म्हणावें याची यादी दिली आहे. क्रूरता म्हणजे काठीनें मारणें एवढेंच आपण समजतों. परंतु यादी त्याहून बरीच लांब आहे. तींतील चार गोष्टी कुत्रा पाळणाऱ्या शेतकऱ्यास थेट लागू पडतात. पहिली, ज्यांत जनावरास वाजवी हालचाल करतां येत नाहीं अशा लहान पिंजऱ्यांत त्यास कोंडणें. दुसरी, अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनें अथवा दोरीनें त्यास अवाजवी काळ बांधून ठेवणें. तिसरी, नेहमीं बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्यास धन्यानें वाजवी व्यायाम न देणें. चौथी, जनावराच्या मालकानें त्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न पुरविणें. पैकीं तिसऱ्या बाबतींत कायद्यानें कुत्र्याचें नांव घेऊनच सांगितलें आहे, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

शिक्षा पाहतां, पहिल्या गुन्ह्यास किमान १० व कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आंत तोच गुन्हा पुन्हां घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊं शकतात. सन १९६० मध्यें ५० रुपये ही रक्कम लहान नव्हती. आज ती मजुराच्या एका दिवसाच्या रोजापेक्षांही कमी आहे, आणि म्हणूनच या कलमाकडे कोणी गंभीरपणें पाहत नाहीं.

दंडाच्या रकमेपेक्षां मोठी उणीव दुसरीच आहे. कायदा ‘पुरेसा निवारा’ म्हणतो. पुरेसा म्हणजे किती व कसा, हें या कलमांत सांगितलेलें नाहीं. महसुलाच्या दप्तरांत सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पुरेशी जमीन’ असें लिहून चालत नाहीं. तेथें हेक्टर व आर लिहावे लागतात. माप नसलेला शब्द ज्याच्या हातीं पडेल तो आपल्या सोयीनें ताणतो किंवा आखडतो. झाडाची सावली हाच निवारा, असें मालक म्हणतो. तक्रार करणारा पक्क्या खोलीची अपेक्षा धरतो. आणि कुत्रा पावसांत भिजत राहतो. हें माप कांहीं परदेशांनीं व प्रांतांनीं कायद्यांतच लिहून ठेवलें आहे. त्यांतील तीन उदाहरणें येथें देतों.

न्यूयॉर्क राज्याचें कलम

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें सन २००३ मध्यें घराबाहेर ठेवलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासंबंधीं स्वतंत्र कलम केलें. हें कलम त्या राज्याच्या ‘शेती व बाजार’ कायद्यांत आहे. म्हणजे कुत्र्याचा निवारा हा शेतीच्याच कारभाराचा एक भाग तेथें मानला गेला आहे. कुत्र्याची जात, त्याची प्रकृति व तेथील हवामान यांस योग्य असा निवारा असला पाहिजे, हें त्याचें मुख्य सूत्र होय. पुढें मापें दिलीं आहेत. बांधलेल्या कुत्र्यास, उन्हानें प्रकृतीस धोका होण्याजोगा असेल त्या वेळीं, झाडाची किंवा केलेली सावली मिळाली पाहिजे. पाऊस, बर्फ, वारा, कडक ऊन व कडक थंडी अशा प्रतिकूल हवेंत बाहेर असणाऱ्या प्रत्येक कुत्र्यास घर पाहिजे. त्याचें छप्पर न गळणारें पाहिजे. बांधणी भक्कम व त्या त्या हवामानांत ऊब अथवा गारवा राखणारी पाहिजे. आंत कुत्र्यास उभें राहतां, वळतां व पाय पसरून निजतां आलें पाहिजे. आणि घाण सहज काढतां आली पाहिजे.

निवारा अपुरा आहे हें कशावरून ओळखावें, तेंही सांगितलें आहे: घराचा आकार, त्याचा भक्कमपणा, आंतील दाटी व स्वच्छता यांवरून, किंवा खुद्द कुत्र्याच्या प्रकृतीवरून. मूळ कलमाप्रमाणें पहिल्या गुन्ह्यास ५० ते १०० डॉलर व नंतरच्यांस १०० ते २५० डॉलर दंड ठेवला. त्याहून परिणामकारक तरतूद अशी कीं, आरोप ठेवल्यापासून ७२ तासांनंतरही दोष दूर केला नाहीं, तर पुढचा प्रत्येक दिवस हा वेगळा गुन्हा धरला जातो. दोष सुधारण्यास अवधि आहे, परंतु टाळाटाळीस नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या उपयोगाची आहे. अटींत बसणाऱ्या पक्क्या इमारतींत ज्या कुत्र्यास हवें तेव्हां शिरतां येतें, तो ‘बाहेर ठेवलेला’ समजला जात नाहीं. म्हणजे चांगल्या गोठ्याचें दार ज्यास रात्रंदिवस मोकळें आहे, त्या कुत्र्यास वेगळें घर बांधण्याची गरज उरत नाहीं.

जर्मनी आणि टेक्सास

जर्मनीनें सन २००१ मध्यें कुत्र्यांच्या पालनासंबंधीं नियम केले. उघड्यावर कुत्रा ठेवणाऱ्यानें दोन जागा पुरविल्या पाहिजेत, असें त्यांत सांगितलें आहे. एक आसऱ्याचें खोपट, आणि दुसरी त्या खोपटाबाहेर सावलींत, वाऱ्यापावसापासून सुरक्षित व खालून गारठा न लागणारी बसण्याची जागा. खोपटाविषयीं एक नियम फार समजुतीचा आहे: तें इतकें मोठें असावें कीं कुत्र्यास आंत हालचाल करतां व निजतां यावें, आणि त्यास वेगळी ऊब दिलेली नसेल तर तें इतकेंच मोठें असावें कीं त्याच्या अंगच्या उबेनें आंतली हवा उबदार राहावी. फार मोठें घर थंडींत निरुपयोगी, हें तेथील नियम करणाऱ्यांनीं ओळखलें. कुत्रा आवारांत कोंडून ठेवावयाचा तर त्याच्या खांद्याच्या उंचीवरून जागेचें माप ठरतें. उंची ५० सेंटिमीटरपर्यंत असल्यास किमान ६ चौरस मीटर, ६५ पर्यंत ८, व त्याहून अधिक असल्यास १० चौरस मीटर. साखळीनें बांधून ठेवण्यासंबंधीं पूर्वीं मापें घालून दिलेलीं होतीं. सन २०२१ च्या दुरुस्तीनें तशा रीतीनें कुत्रा पाळण्यास सर्वसाधारणपणें बंदी केली.

तिसरें उदाहरण अमेरिकेंतील टेक्सास राज्याचें. हा मुलूख उष्ण, पशुपालनाचा व मोठ्या शेतांचा असल्यामुळें आपणांस तो अधिक जवळचा वाटेल. तेथें सन २००७ पासून बांधलेल्या कुत्र्यांविषयीं कायदा होता. परंतु मालकास आधीं २४ तासांची सूचना दिल्याशिवाय अंमलदारास कांहीं करतां येत नसे. सूचनेपुरता कुत्रा सोडावा व मागाहून पुन्हां बांधावा, असें त्यामुळें होऊं शके. सन २०२१ मध्यें सुधारलेलें विधेयक विधिमंडळानें मंजूर केलें. गव्हर्नरांनीं तें नाकारलें. त्याच वर्षीं विशेष अधिवेशनांत तें पुन्हां मंजूर होऊन १८ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. त्याप्रमाणें बाहेर बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा निवारा, सावली व पिण्याचें पाणी दिलें पाहिजे, आणि साचलेलें पाणी व घाण यांपासून दूर बसतां येईल अशी जागा दिली पाहिजे. लोखंडी साखळी व वजन बांधलेली दोरी यांस बंदी आहे. दोरीची लांबी कुत्र्याच्या लांबीच्या पांचपट किंवा १० फूट, यांपैकीं जी अधिक ती पाहिजे. मात्र गुरें वळणाऱ्या व शेतीच्या कामांत मालकासमवेत असलेल्या कुत्र्यास त्या कामापुरती सवलत आहे. याशिवाय अमेरिकेंतील अनेक शहरांनीं व परगण्यांनीं राज्याच्या कायद्याहून कडक असे आपापले स्थानिक नियम केले आहेत.

हे तिन्ही कायदे शेजारीं ठेवून वाचले असतां एक गोष्ट स्पष्ट होते. देश वेगळे, हवामान वेगळें, तरी मागणी एकच आहे: अंग कोरडें राहावें, ऊन लागूं नये, उभें राहून वळतां व पाय पसरून निजतां यावें, पाणी जवळ असावें, आणि जागा झाडतां यावी. ‘पुरेसा’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पुरा करणें कोणत्याही शेतकऱ्यास अवघड नाहीं.

आपल्या हवेस काय लागतें

परदेशी नियम जसेच्या तसे उचलून मात्र चालणार नाहीं. जर्मनीस मुख्य भय थंडीचें. आपणांस पहिलें भय उन्हाचें. जळगांव, अकोला, चंद्रपूर या बाजूस वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. माणसाप्रमाणें कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच अंग निववण्याचा त्याचा मुख्य मार्ग होय. त्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारें १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट असते. ती १०५ च्या पुढें गेली कीं जिवास धोका समजावा. पत्र्याच्या बंद पेटींत दुपारीं बांधलेला कुत्रा निवाऱ्यांत नसून भट्टींत असतो. कोंकणांत वर्षास ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथें जमिनीची ओल हा मुख्य शत्रु. निफाडच्या बाजूस थंडीच्या लाटेंत पारा ५ अंशांखालीं उतरतो. तेथें ऊब पाहिजे. कारवान जातीच्या सडपातळ, आखूड केंसांच्या कुत्र्यास ही थंडी विशेष बाधते.

म्हणून जर्मन नियमांतील दोन जागांची कल्पना आपण घ्यावी, परंतु तिचा क्रम बदलावा. बाहेरची सावलीची जागा ही आपल्याकडे आठ महिन्यांची मुख्य बैठक, आणि खोपट हें पाऊस, गारा व थंडी यांसाठीं.

खोपट कसें बांधावें

प्रथम कुत्र्याचें माप घ्यावें. नाकाच्या टोंकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी व जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची, एवढीं दोन मापें पुरेत. आपल्याकडील साधारण गांवठी कुत्रा ३० इंच लांब व २० इंच उंच धरल्यास त्याचें खोपट आंतून ३॥ फूट लांब, २॥ फूट रुंद, पुढें २॥ फूट उंच व मागें २ फूट उंच असावें. छपरास असा उतार दिला म्हणजे पाणी दारावरून न ओघळतां मागें जातें. दार १२ ते १४ इंच रुंद व १६ ते १८ इंच उंच पुरे. कुत्रा मान खालीं घालून आंत जातो. दार मधोमध न ठेवतां एका अंगास ठेवावें, म्हणजे दुसऱ्या अंगास झड व वारा न लागणारा कोपरा राहतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, सबब दाराचें तोंड पूर्वेस किंवा ईशान्येस करावें.

जमिनीपासून तळ उंच पाहिजे. देशावर विटेचे दोन थर, म्हणजे सहा इंच, व कोंकणांत एक फूट उंची द्यावी. तळास लांकडी फळ्या सर्वांत चांगल्या. जुन्या खोक्यांच्या फळ्याही चालतात. नुसत्या फरशीवर वा सिमेंटवर हिवाळ्यांत निजविलें तर खालून गारठा लागतो. भिंती विटामातीच्या, कुडाच्या वा फळ्यांच्या कराव्या. छपरास कौलें किंवा गवताचें शाकार उत्तम. पत्राच घालणें भाग असेल तर त्यावर उसाच्या पाचटाचा अथवा गवताचा वीतभर थर बांधून टाकावा. मागील भिंतीस छपराखालीं दोन बोटें फट ठेवावी, म्हणजे कोंडलेली उष्ण हवा निघून जाईल. थंडींत ती चिंधीनें बुजवितां येते.

अंथरुणास भाताचा पेंढा किंवा कोरडें गवत घालावें. गोणपाट व जुनें लुगडें पावसाळ्यांत ओल धरून बसतें, म्हणून तें कोरड्या दिवसांतच वापरावें. पेंढा दर पंधरवड्यास काढून टाकावा, कारण कुत्र्याचा दुसरा वैरी गोचीड ही त्यांत वाढते. गोचिडीची मादी रक्त पिऊन उतरली कीं भिंतीच्या फटींत कांहीं हजार अंडीं घालते, आणि तिच्यापासून कुत्र्यास ताप व पंडुरोग जडतात. भिंतींच्या फटी लिंपून घेऊन वर्षांतून दोन वेळां चुन्याची सफेती द्यावी व ती पुरी वाळल्यावरच कुत्र्यास आंत जाऊं द्यावें. पिकावर फवारण्याचें औषध खोपटांत वा कुत्र्याच्या अंगावर मारूं नये. गोचिडीवरील औषध पशुवैद्यास विचारूनच घ्यावें. त्याचप्रमाणें औषधाचें रिकामें पिंप कापून त्याचें घर करण्याची जी चाल पडली आहे, ती सोडावी. धुतलें तरी विष पुरतें जात नाहीं.

पाण्यासाठीं जड बुडाची मातीची कुंडी किंवा दगडी डोणी सावलींत ठेवावी. २० किलो वजनाच्या कुत्र्यास साध्या दिवसांत एक लिटरहून अधिक पाणी लागतें, आणि उन्हाळ्यांत त्याच्या दुपटीहूनही अधिक. बांधलेल्या कुत्र्याच्या साखळीनें कुंडी कलंडते, म्हणून ती अर्धी जमिनींत पुरावी.

साखळीविषयीं

खोपट चांगलें, पण साखळी तेथवर पोंचत नाहीं. किंवा ती खांबास गुंडाळून एक हात उरते, असें वारंवार घडतें. तेव्हां निवारा असून नसल्यासारखा होतो. शक्य असेल तेथें शेताभोंवतीं कुंपण घालून कुत्रा मोकळा ठेवावा. बांधणें भागच असेल तर दोन खांबांमध्यें तार ताणून तींत कडी ओवावी व त्या कडीस हलकी दोरी बांधावी, म्हणजे कुत्र्यास तारेच्या लांबीइतकें फिरतां येतें. ही दोरी खोपटाच्या आंतपर्यंत व पाण्यापर्यंत पोंचली पाहिजे, आणि ती अडकेल असें झाड किंवा औत तिच्या पल्ल्यांत असूं नये. गळ्यांतील पट्ट्याखालीं दोन बोटें सहज जावींत. वाढत्या पिलाचा पट्टा दर महिन्यास सैल करावा. दिवसांतून दोन वेळां त्यास सोडून शेतांतून फिरवून आणावें. कायद्यांतील ‘वाजवी व्यायाम’ तो हाच.

बिबट्याच्या मुलुखांत

येथवर सांगितलेलें सर्व राज्यास लागू आहे. परंतु जुन्नर, आंबेगांव, शिरूर, अकोले, संगमनेर, सिन्नर, निफाड अशा उसाच्या मुलुखांत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि तिचा उल्लेख न्यूयॉर्कच्या किंवा जर्मनीच्या नियमांत सांपडणार नाहीं. बिबट्याचें भक्ष्य तें हेंच.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत श्रीमती विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानें बिबट्याच्या आहारांत शेंकडा ८७ भाग माणसानें पाळलेल्या जातींच्या जनावरांचा, आणि एकट्या कुत्र्याचा वाटा शेंकडा ३९ निघाला. त्या भागांत शेळ्या कुत्र्यांच्या सुमारें सातपट असूनही त्यांचा वाटा शेंकडा ११ च होता. कारण उघड आहे. शेळ्या रात्रीं वाड्यांत कोंडल्या जातात. कुत्रे बाहेर राहतात. बाहेर राहणाऱ्यांतही जो बांधलेला आहे, त्यास पळून जाण्याचीही सोय नसते.

शेळीस जो वाडा वांचवितो तोच कुत्र्यास वांचवील. अशा मुलुखांत रात्रीं कुत्रा साखळीवर ठेवूं नये. खोपटाच्या भिंती विटांच्या, छप्पर पक्कें व दार लोखंडी जाळीचें करावें. जाळी अशी असावी कीं तींतून पंजा आंत जाणार नाहीं. अंधार पडण्यापूर्वीं कुत्र्यास आंत घेऊन कडी लावावी. मग राखण कशी होणार, अशी शंका येईल. बिबट्याची किंवा चोराची चाहूल कुत्रा नाकानें व कानानें घेतो आणि ती गळ्यानें कळवितो. हीं तिन्हीं कामें जाळीच्या आंतूनही होतात. उलट अंगणांत बांधलेला कुत्रा बिबट्यास घराच्या उंबऱ्यापाशीं येण्याचें आमंत्रण देतो, आणि त्या उंबऱ्याच्या आंत आपलीं लेंकरें निजलेलीं असतात.

एक आक्षेप

या विषयावर बोलूं लागलें कीं लोक हंसतात. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस सरळच विचारलें, “अहो भाऊसाहेब, इथं माणसांना घरकुल मिळंना, आन् तुम्ही कुत्र्याला घर बांधाया सांगताय व्हय?”

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर नाहीं, त्यास हें सांगण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु हें मासिक वाचणाऱ्या बहुतेकांकडे जमीन आहे, गोठा आहे, आणि गोठा बांधतांना उरलेल्या विटा, फुटकीं कौलें व जुन्या फळ्या परसांत पडून आहेत. वर वर्णिलेलें खोपट त्या उरल्यासुरल्या सामानांतून दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामांत उभें राहतें. तेवढेंही नको असेल, तर गोठ्याच्या एका कोपऱ्यांत फळी टाकून दार मोकळें ठेवावें. तेंही पुरें आहे. कुत्रा आपण राखणीसाठीं आपल्या गरजेनें आणून बांधतों. मोकळा असता तर त्यानें आपला आडोसा आपणच शोधला असता. बांधून ठेवल्यामुळें ती शक्ति आपण त्याच्याकडून काढून घेतली. म्हणून ती जबाबदारीही आपल्यावर येऊन पडली.

दुसरा आक्षेप असा कीं, ५० रुपयांच्या दंडासाठीं एवढा खटाटोप कोण करणार? त्यास आमचें उत्तर असें आहे. कायदा जेथें माप लिहीत नाहीं, तेथें आज ना उद्यां कोणीतरी बाहेरचा मनुष्य तें लिहितो. शेतीचा अनुभव नसलेल्यानें लिहिलेलें माप शेतकऱ्यास जाचक होतें, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. त्याआधीं आपल्या गांवीं, आपल्या हवेस मानवेल असें माप आपणच ठरवावें व पाळावें, हें शहाणपणाचें. ग्रामसभेंत हा विषय मांडून, गांवांतील प्रत्येक राखणीच्या कुत्र्यास छप्पर, सावली, पाणी, निजण्यापुरती जागा व श्वानदंशाच्या रोगावरील वार्षिक लस असावी, एवढा ठराव करण्यास कोणाची आडकाठी असण्याचें कारण नाहीं. अशा ठरावास कायद्याचें बळ नसलें तरी गांवाच्या शब्दाचें बळ असतें, आणि वस्तीवर तेंच अधिक चालतें.

मृगापूर्वीं आपण सर्वजण घर शाकारतों, गोठ्याचीं कौलें परततों, कडब्याच्या गंजीवर शाकार घालतों. त्याच दिवशीं कौलें परतून झाल्यावर शिडी उतरण्यापूर्वीं खुंट्याकडे एकदां पाहावें, आणि उरलेलीं दहा-पांच कौलें कुत्र्याच्या डोक्यावर चढवावीं, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.